खटका मी ओढला होता

“हँडब्रेक लावायचा विसरला.” माझ्याबद्दल हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की आजही कुणी सहज बोलून गेलं तर माझं डोकं फिरतं. मी विसरलो नव्हतो. खटका मी ओढला होता, हवा सुटल्याचा आवाज माझ्या कानांनी ऐकला होता.

तेव्हा मी शेंद्र्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक चालवायचो. लांबच्या खेपेला माझ्याबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून चाचा असायचे. वयानं वडिलांएवढे. नमाजाच्या वेळेला गाडी बाजूला घ्यायची, चढउतारावर थांबलं की चाकाखाली लाकडाचा गुटका लावायचा, हे त्यांचे नियम. “चाचा, आता नव्या गाड्यांना गुटका लागत नाय,” असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, “तेरेकू नै लगता, मेरेकू लगता.”

त्या दिवशी आमची नेहमीची गाडी दुरुस्तीला लागली होती. सुपरवायझरनं यार्डातली दुसरी दिली. जळगावचा माल होता, गाडी भरून तयार. मी ब्रेकच्या हवेचा काटा बघितला, हवा पूर्ण होती. गेटपाशी पायाचा ब्रेक मारून बघितला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. आणखी काय बघायचं असतं? करमाडकडून येणारी गर्दी चुकवून आम्ही शहराबाहेर पडलो, सिल्लोड मागं टाकलं आणि अजिंठा ओलांडून घाट सुरू व्हायच्या आधी चहाला थांबलो. तिथं रस्ता नुकता उतरायला लागतो. एक बाई पत्र्याच्या शेडमध्ये चहा करायची, आमची ओळखीची.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर माझा राग कळायचा नाही. ट्रकच्या मागच्या चाकांपाशी दोन्ही बाजूंना एकेक डबा असतो. त्यात जाडजूड स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला दाबून धरतो म्हणून चाकं मोकळी फिरतात. कॅबिनमधला पार्किंगचा खटका ओढला की ही हवा फुस्स करून निघून जाते, स्प्रिंग सुटते आणि चाकं आवळून धरते. म्हणजे हवा संपली तर गाडी पळत नाही, उलट जखडून बसते. पायाच्या ब्रेकचं वेगळं, तिथं हवेच्या जोरावरच चाक थांबतं. आणि त्या डब्याला मागून एक लांब बोल्ट लावता येतो. तो आवळला की स्प्रिंग आतल्या आत बांधली जाते. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर, तेवढ्यापुरता.

मी खटका ओढला. फुस्स झालं. पायाचा ब्रेक सोडला. गाडी जरा हलल्यासारखी झाली आणि थांबली. पुढचं चाक खड्ड्याच्या काठाला टेकलं होतं, हे नंतर कळलं. इंजिन चालूच ठेवून मी उजवीकडून उतरलो. डावीकडून चाचा गुटका घेऊन पुढच्या चाकापाशी वाकले होते.

गाडी निघाली. आवाज नाही, काही नाही. मग चाचांची किंकाळी.

मी कसा चढलो माहीत नाही. पायाच्या ब्रेकवर उभा राहिलो आणि गाडी जागेवर थांबली. तोच ब्रेक, तीच हवा! रिव्हर्स टाकून वीतभर मागं घेतली, तेव्हा चाक त्यांच्या पायावरून उतरलं. पण आता मला उतरता येईना. पाय काढला तर गाडी परत त्यांच्या अंगावर जाणार. ते खाली “या अल्ला, या अल्ला” करतायत आणि मी वर बसून नुसता ओरडतोय, “दगड लावा! कुणीतरी दगड लावा!” चहावाली बाई चुलीजवळचा दगड उचलून धावत आली, मागून दोन गिऱ्हाईकं आली. चाकांना दगड लागल्यावर मी उडी मारली. चाचांचा उजवा पाय गुडघ्याखाली पाय म्हणून राहिला नव्हता.

एका जीपवाल्यानं त्यांना सिल्लोडला नेलं. मला पोलिसांनी गाडीपाशी थांबवलं. मालकाला फोन लावला तर त्याचा पहिला शब्द, “हँडब्रेक लावला नाहीस ना?” चाचा कसे आहेत, हे नाही.

“लावला होता, शेठ.”

“लावला असता तर गाडी गेली असती का?”

फोन ठेवला आणि मी गाडीखाली शिरलो. दोन्ही डब्यांतून बोल्ट बोटभर बाहेर आलेले. हवेच्या नळ्या गुटख्याच्या पुड्या दुमडाव्यात तशा दुमडून तारेनं बांधलेल्या. डबे गळत होते, तसेच ठेवले असते तर चाकं सारखी जखडली असती. नवे घालायच्या ऐवजी यार्डात कुणीतरी स्प्रिंगा बांधून टाकल्या होत्या. मी ऐकलेला आवाज नळीतल्या हवेचा होता, मागं चाकांवर त्याचा काही परिणामच नव्हता. मला वाटलं ती गाडी पेटवून द्यावी.

दुपारी सुपरवायझर आला. बरोबर यार्डाचा मिस्त्री, त्याच्या हातात पाना. हवालदार चहा पीत बसला होता. आरटीओचे साहेब अजून यायचे होते.

सुपरवायझर म्हणाला, “रस्ता मोकळा करायचाय. गाडी बाजूला घेतो.”

“मग मिस्त्री मागच्या चाकाखाली कशाला चाललाय?”

तोवर मिस्त्री अर्धा आत गेला होता. मी त्याचे दोन्ही पाय धरले आणि फरफटत बाहेर ओढला. सुपरवायझरनं माझी कॉलर पकडली. “तुला नोकरी करायचीय का नाय?”

“नाय करायची! हात लाव तू त्या बोल्टाला, बघतोच.”

चहावाली बाई उलथनं घेऊनच पुढं आली. हवालदाराला म्हणाली, “दादा, चहा नंतर प्या. ते तिकडं काय खोलायलेत ते बघा आधी.” तेव्हा कुठं हवालदार उठला. साहेब येईपर्यंत मी मागच्या चाकाला पाठ लावून बसून राहिलो. लघवीलासुद्धा गेलो नाही.

साहेबांनी बोल्ट बघितले, फोटो काढले. तरी गुन्हा आधी माझ्यावरच दाखल झाला. मालकानं सांगितलं, “ड्रायव्हरांनीच वाटेत आवळले असतील.” मग तुमचा माणूस पाना घेऊन एवढ्या लांब ते सोडवायला का धावला, हे त्याला विचारायला बराच काळ कुणी तयार नव्हतं. शेवटी चहावालीच्या जबानीनं मी सुटलो. मालकाचं काय झालं? दंड भरला आणि दुसऱ्या नावाची पाटी लावली.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. पाय कापल्यावर मी चाचांना भेटायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरून हळूच विचारलं, “बेटा, सच बोल. खटका खींचा था ना तू?”

“हौ चाचा, खींचा था.”

“बस. तू बोला तो बस.”

त्यांनी विश्वास ठेवला. पण त्यांना विचारावं लागलं, याची चीड माझ्यातून अजून गेलेली नाही. पाय त्या लोकांनी नेलाच, वर आमच्या दोघांमध्ये ही शंका टाकून गेले.

पुढं मालकानं चाचांना त्याच यार्डाच्या गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं, तोंड बंद राहावं म्हणून. मी त्यांच्याशी भांडलो. “त्यांच्या गेटवर बसणार तुम्ही?” ते शांतपणे म्हणाले, “बैठूंगा. देखूंगा कौनसी गाडी कैसी जाती.”

आणि खरंच, कुबडीवर वाकून ते एकेका गाडीचे मागचे डबे बघायचे. बोल्ट आवळलेला दिसला की गेट उघडायचे नाहीत. मागं गाड्यांची रांग लागायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, सुपरवायझर शिव्या द्यायचा. चाचा कुबडी आडवी धरून उभे. किती गाड्या त्यांनी परत गॅरेजला लावायला लावल्या!

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना काढून टाकलं. कारण सांगितलं, माणूस अपंग आहे, गेट वेळेवर उघडत नाही.