धड हात

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी प्लास्टर घातलेली एक बाई बसली होती. पाटावरून उठताना हात टेकला आणि मनगट मोडलं, एवढंच. तिचा नवरा सगळ्यांना ऐकवत होता, "एवढ्यानं हाड मोडतं होय? चांगली भरलेली आहे ही. नाटकं नुसती!"

फोटोत मोडलेलं हाड दिसतंय, तरी नाटकं! अशा माणसाला काय म्हणावं, सांगा.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, की इतक्या वर्षांचा मधुमेह, त्यात सांध्यांची सूज, हाडं आतून ठिसूळ होतात. अंग भरलेलं असलं तरी. आता जड उचलायचं नाही. हाड आपल्याला दगड वाटतं, पण तेही जिवंतच. वर्षानुवर्षं सोसतं आणि कुणाला कळू देत नाही.

"समजलं," हा शहाणा म्हणाला, "भाकऱ्या कधीपासून थापेल?"

मग फायलींची, औषधांची जड पिशवी बायकोच्या धड हातात अडकवून तो निघालासुद्धा. माझ्यानं राहवेना. "ओ पैलवान, पिशवी धरा की!"

तर तीच माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "राहू द्या हो मावशी, त्यांचा खांदा दुखतो."