बिनदाराचं चर्च

भूमच्या स्टँडवर सकाळची एसटी लागली तेव्हा माझ्या काखेत चादरीत गुंडाळलेलं चित्र होतं. टेकडी, वर पांढरं चर्च, आणि चर्चला दार नाही. शाळेच्या हॉलमधून ते सोडवायला तीन अर्ज लागले. खाली नाव माझं असलं तरी ते मी काढलेलं नाही, असं मुख्याध्यापकांना सांगितलं, तर म्हणाले, "असू द्या सर, अर्थ तर तुमचाच ना!"

कपाळावर हात मारून घ्यावा असं उत्तर, आणि तेही खरं. चित्रकला शिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो की, देवाकडे जायला दार लागत नाही.

धाराशिवला गाडी बदलली. "आजोबा, ही फळी उचला, दार आडवतीय," कंडक्टर ओरडला. बेंबळीत टायर बसला. सगळे उतरून चहाच्या टपरीवर. तिथं चादर सरकली.

"आगं बया, दारच न्हाय?" भाजीची पाटी घेतलेली बाई वाकून बघू लागली. "मान्सं आत जात्यात कुठनं?"

"मावशी, त्याचा आध्यात्मिक अर्थ..." सवयीनं तोंडातून सुटलंच.

"अर्थ ऱ्हाऊ द्या. पाऊस आला मंजी?"

आधी तिचा राग आला, मग टायरचा, मग स्वतःचा.

माकणीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घरांमागं धरणाचं पाणी चकाकत होतं. एकेकाळी भूमच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारे शंकर पेंटर अंगणात बाजेवर (दोरीच्या खाटेवर) बसले होते.

"सर, आठ दिसांत आनतो म्हनला हुता."

प्रदर्शनाला म्हणून नेलं, वाहवा झाली, खाली माझं नाव घातलं. सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"दिसतंय की. अक्षर लई वाईट हाय."

"शंकरराव, चिडा तरी!"

"चिडून काय? दार काढायचं ऱ्हायलं हुतं, त्याचा तुमी अर्थ लावला. मालक म्होरं (समोर) उभा असल्याबिगर म्या दार काढत न्हाय. घराचं न्हाय, देवळाचं न्हाय."

"मालक कोण?"

"मार्थाबाई. तितं चर्चात झाडलोट करायची. गुडघं गेलं, टेकडी चढवंना, म्हनून चित्र मागितलं हुतं. मरूस्तवर इचारायची, आलं का माजं चर्च?"

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चित्र कुणासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"मग आता तरी काढा दार."

"कुनाम्होरं?"

त्यांनी सुनेकडून टर्पेंटाइन मागवलं आणि चिंधीनं माझं नाव पुसायला घेतलं. हात थरथरत होता.

"पुसताना थरथरला तरी चालतंय," ते म्हणाले.

रिकाम्या हातांनी परतलो. शाळेत कागद लावायलाही अर्ज लागला. दिला. रिकाम्या खिळ्याखाली लिहिलं : 'इथं शंकर पेंटर यांचं चित्र होतं. त्यातल्या चर्चला दार नव्हतं, कारण मी ते चित्र मार्थाबाईंपर्यंत पोचू दिलं नाही. दुसरा अर्थ नाही.'