उष्ट्या ग्लासांची गाडी

आई मंगल कार्यालयात उष्टे ग्लास उचलायची. ती आणि आमच्या भिंगारच्या गल्लीतल्या तिघी. चौघी एकाच रिक्षात दाटीवाटीनं बसून जायच्या आणि तशाच परत यायच्या.

लग्नाच्या हॉलात माणसं पाणी पितात, सरबत पितात आणि ग्लास खुर्चीखाली सरकवतात. खुर्चीखाली गेला की तो आपला राहत नाही, अशी सगळ्यांची समजूत असते. मग वाकून तो काढायचा, उरलेलं पाणी बादलीत ओतायचं, ग्लास टबात टाकायचा, आणि टब भरला की दोघींनी कड्या धरून मोरीवर न्यायचा. कष्टाचंच काम. पण पंगती उठल्यावर चौघी मागच्या ओट्यावर पोतं अंथरून जेवायला बसायच्या, नवरदेवाच्या मामापासून करवलीपर्यंत सगळ्यांची टिंगल करायच्या. आई घरी यायची ती हसतच. वडील गेल्यानंतर ती हसायची ती त्या ओट्यावरच्या गप्पा सांगतानाच.

मग तिची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं. मी म्हणालो, सोड काम.

"घरी बसून काय करू? भिताडाशी बोलू?"

मी नागापूरला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. सुट्टीच्या दिवशी भंगारातले पाइप आणि पत्रा घेऊन मी तिच्यासाठी एक गाडी केली. उंची बरोबर तिच्या कमरेइतकी. पुढच्या बाजूला पाण्याचा जार आणि धुतलेल्या ग्लासांचा ट्रे. मागच्या बाजूला जाळी. तिच्यावर ग्लास उपडा केला की उरलेलं पाणी खालच्या डब्यात जायचं. शेजारी उष्ट्या ग्लासांचा टब आणि कागदी कपांसाठी पिशवी. चाकं रबरी, फरशीवर आवाज नाही. गाडी समोर आली की माणूस आपण होऊन ग्लास तिच्यात ठेवतो, हे मी आधीच ताडलं होतं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

कार्यालयाच्या मालकांनी आधी नाक मुरडलं. "उष्टं आन् प्यायचं पाणी एकाच गाडीवर? लोक तोंडात मारतील."

मी त्यांना मधला पत्र्याचा पडदा दाखवला. उष्ट्याच्या बाजूला पाणी ओतून एक थेंबही पलीकडे जात नाही हे दाखवलं. तरी त्यांना पटेना. तेव्हा मी बोलून गेलो, "मालक, चौघींचं काम एकटी बाई करंल बघा."

आई शेजारी जार पुसत उभी होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, लेकाचा अभिमान वाटला असेल. एवढा मी गाढव.

पुढच्या लग्नाला एकट्या आईला निरोप आला. तिघींना कोणी काही सांगितलंच नाही. त्या नेहमीसारख्या नेसून कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या, आणि त्यांना ते आईकडून कळलं. त्यांच्यातली सगळ्यात थोरली, जिला आई आक्का म्हणते, ती एवढंच म्हणाली, "जा बाई. तुझा लेक लई हुशार हाय."

आईनं मालकांना विनवलं. त्यांनी सांगितलं, तुम्ही नाही आलात तर दुसरी कोणी गाडी ढकलेल. मीही म्हणालो, सोड. ती म्हणाली, "मी आत हाय तवर त्यांच्यासाठी तोंड तरी उघडता येतं." प्रत्येक लग्नात तिनं तोंड उघडलं. उपयोग शून्य.

त्यानंतर गल्लीतल्याच एका मुलीचं लग्न त्याच हॉलात लागलं. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. त्या तिघी ठेवणीतली लुगडी नेसून एका रांगेत बसल्या होत्या. आई गाडी ढकलत त्यांच्यापुढे आली. तिघींनी पाणी घेतलं, आपापसांत बोलत ते प्यायल्या, आणि समोर टब असताना तिघींनी ग्लास खुर्चीखाली ठेवले. आक्कांनी तर टाचेनं आपला ग्लास आणखी आत सारला. मी लहान असताना आई कामाला गेली की मला घास भरवायच्या त्या याच आक्का.

आई गुडघ्यांवर बसली. एक हात खुर्चीला धरून तिनं दुसरा आत घातला. मी धावत गेलो, तर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बस जा. तुझं काम करून झालंय."

त्यांचा मला राग आला नाही. माझाच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण राग आला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. मालकांच्या पाहुण्यांनी आमच्या जिल्ह्यातल्याच बेलापूरला नवीन हॉल घेतला होता. त्यांनी आमच्या वर्कशॉपमध्ये तसल्याच दोन गाड्यांची ऑर्डर दिली. वर्कशॉपचे शेठ म्हणाले, तुझंच डोकं आहे, तूच कर. आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. "तितं उष्टं उचलायला किती जनी हायेत, तेवढं आधी इचार," ती म्हणाली, "मग कर."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर करता आल्या नसत्या, आणि मला करायच्या होत्या.

टेम्पोतून गाड्या घेऊन मीच गेलो. हॉलाच्या मागच्या दाराशी पाच-सहा बाया टब घासत होत्या. गाडी उतरवली तशा ओल्या हातांनीच जवळ आल्या. एकीनं दांडा धरून गाडी इकडून तिकडे फिरवली आणि हसून बाकीच्यांना म्हणाली, "बरं झालं गं, आता आपली कंबर वाचंल."

संध्याकाळी आईनं विचारलं, "किती हुत्या?"

"नवाच हॉल हाय. कोनी न्हवतंच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्यावर विश्वास ठेवून तिनं मला ताट वाढलं.