हाताखालची भुई

माझी जाऊ घरीच बाळंतपणात वारली, त्याला आता बरीच वर्षे झाली. बाळ रडले, घर हसले, आणि तिच्या अंगाखालचे लुगडे भिजत चालले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "घाण रक्त आहे, जाऊ दे." मला ते बरे दिसत नव्हते. पण मोठ्यांपुढे बोलायची माझी छाती कधी झालीच नाही. मी मनात गावच्या देवीला, मातामायला म्हटले, तूच बघ, आणि दाराशी गप्प उभी राहिले. त्यानंतरही मी तिच्यापुढे दिवा लावत आले, पण हात जोडले की मन दुसरीकडे बघायचे. ती खरेच बघत असते का, हे मला कळेनासे झाले होते.

या कापणीत माझ्या लेकीचे दिवस भरले. तिला सरकारी दवाखान्यात आणले. तिथली सिस्टर वयाने लेकीएवढीच, पण तिच्या हातांना घाई नव्हती. कोपरापर्यंत हात धुवायची, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके मोजायची, कागदावर मांडायची, लेकीची कंबर चोळून द्यायची. नातीला तिने पुसून आईच्या छातीवर ठेवले. मग वार उजेडात परतून परतून बघितली, कुठे तुकडा तुटून आत राहिला का म्हणून. आम्ही ढिवर माणसे जाळे फाटले का ते असेच बघतो.

एवढ्यात दुसरी एक बाई कळा देत आली. सिस्टर एकटीच होती. तिने माझा हात धरून लेकीच्या बेंबीखाली दाबला.

"मावशी, हा गोळा लागून राहिला ना हाताले? ही पिशवी आहे. कडक आहे तोवर रक्त बंद राहते. मी दर पंधरा मिनिटांनी येतेच, पण मधात मऊ लागली तर मले हाक मारा. लाजू नका."

लेक पडल्या पडल्या हसली. "माय हाक मारते? तिले तं कोंबडी हाकलता येत नाही, सिस्टर."

दुपार होती. खिडकीच्या हिरव्या पडद्यातून ऊन येत होते, त्यात खाट, भिंत, लेकीचे कपाळ, सगळे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. बाहेरून कापलेल्या धानाचा वास येत होता. सिस्टर दोनदा येऊन बघून गेली. आदल्या दिवसापासून मी जागी होते. डोळा कधी लागला कळले नाही.

मी तलावात होते, छातीएवढ्या पाण्यात. पुढे एक बाई चालली होती, डोक्यावर टोपली, पदर पाण्यावर पसरलेला. तिच्यामागे मी पाय टाकत होते. तलावाची भुई आम्हाला तळव्यांनी कळते, कुठे कडक आणि कुठे गाळ. ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "पोरी, इथं भुई नाही." माझा पाय खाली गेला.

डोळे उघडले. हात पोटावरच होता, पण हाताखाली गोळा नव्हता. भिजवलेल्या कणकेसारखे मऊ लागत होते. लेकीचे ओठ पांढरे पडले होते, ती बोलत नव्हती. दारापलीकडे त्या दुसऱ्या बाईचे सासरे, दीर बसलेले. मी तोंड उघडले, आवाज निघाला नाही. मग निघाला. "सिस्टर, गोळा मऊ झाला," एवढेच शब्द होते, पण तो आवाज मी आयुष्यात ऐकलेला नव्हता.

सिस्टर धावत आली. पोट चोळले, गोठलेले रक्त काढले, मांडीत सुई दिली, सलाईन लावले. तिचे हात चालत होते आणि मी लेकीच्या तोंडाकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने माझा हात पुन्हा तिथेच ठेवला. कडक होते.

"मावशी," ती घाम पुसत म्हणाली, "तुमची हाक पार धानाच्या बांधीत गेली असन."

पाण्यातली ती बाई कोण होती, मी कोणाला विचारले नाही आणि सांगितलेही नाही. देवावर सोडणे म्हणजे गप्प राहणे, असेच मी इतकी वर्षे समजत होते. त्या दुपारी मी हात सोडला नाही, आणि बाकी सगळे सुटले, लाजसुद्धा. ज्या कोणी ती सोडवली, त्याचे उपकार.

संध्याकाळी मी सिस्टरच्या पाया पडायला गेले, तर तिने मला वरच्यावर धरले. "पाया कायले पडता? त्या दुसऱ्या पोरीसंग बाईमाणूस कोणी नाही. तिच्याजवळ बसता का जरा?"

मी गेले. ती नवी आई घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या बेंबीखाली हात ठेवला आणि म्हटले, "झोप बाई, मी आहे."