देवीला वाहिलेला रिव्हर्स

हसणार नाही अशी शपथ मी कोणाकडून घेत नाही, कारण ती कोणी पाळत नाही. बायकोनेही पाळली नाही. पण माझ्या गाडीचा विषय निघालाच आहे, तर बाहेरून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा तेवढा सांगा.

अमरावतीच्या राजापेठेत माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. दुकान बरं चालतं, संसारही बरा चालतो. अडचण एकच, माझे सासरे. दर्यापूरचे आमचे मामाजी. लग्नापासून त्यांचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे: जवाई माणूस म्हणून चांगला, पण व्यवहारात भोळा. मी कूलर घेवो की प्लॉट घेवो, मामाजी येतात, त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि 'बरं आहे' म्हणतात. ते 'बरं आहे' ऐकलं की मला दोन दिवस घास उतरत नाही.

म्हणून मी अकोल्याच्या डीलरकडून जुनी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा त्यांनी वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन केला. डीलरची गाडी म्हंजे दुसऱ्याचं टाकलेलं दुखणं, जवाईले म्हन, मले संग न्या. मी नेलं नाही. म्हटलं, एकदा तरी आपल्या अकलेनं सौदा करू आणि मामाजींकडून शाबासकी मिळवू. लोकांच्या इच्छा बंगल्याच्या, परदेशाच्या असतात. माझी एवढीच होती.

अकोल्याच्या बबलूभाऊंनी गाडी दाखवली. चांदीच्या रंगाची, आतून स्वच्छ, एसी गार. हायवेवर एक चक्कर मारून आलो, कुठे खट्ट नाही की खुट्ट नाही. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, वंदनानं ओवाळलं, फोटो झाले. अमरावतीपर्यंत गाडी एवढी शहाण्यासारखी आली, की मला माझाच अभिमान वाटायला लागला.

घरासमोर आलो. भिंतीला लावायची म्हणून रिव्हर्स टाकला. गिअरच्या मुठीवर नकाशा असतो बघा, त्यात आर कुठे होता? डावीकडे वर, पहिल्या गिअरच्या शेजारी. दांडा बरोबर तिथे नेला, क्लच सोडला, आणि गाडी पुढे गेली. शेजारच्या काकूंची कुंडी फुटली. पुन्हा टाकला, पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा टाकायला गेलो तेव्हा काकू उरलेल्या कुंड्या उचलून आत नेत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकला दाखवायची. कशी दाखवणार? बबलूभाऊंची अटच होती, की दुसऱ्याचा हात लागला तर आपली जबाबदारी संपली. मग फोन करायचा ना? अहो, फोनवर भांडण्यात काय अर्थ आहे? समोरचा फोन ठेवून देतो आणि आपण नुसतेच तापून बसतो. समोरासमोर जाऊन चांगला खडसवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. पण जून लागला होता. शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशाचं दुकान सोडून अकोल्याला कोण जाणार?

तर महिनाभर मी राजापेठेत बिनरिव्हर्सची गाडी चालवली. करून बघा एकदा. जिथून पुढे बाहेर पडता येईल तिथेच थांबायचं. भाजी घ्यायला निघालो की मी अख्ख्या पेठेला प्रदक्षिणा घालून घरी यायचो. क्लासच्या पोरांच्या स्कूटींमध्ये अडकलो तर पोरं सुटेपर्यंत आत बसून एसी खायचा. वंदना म्हणायची, बाबांना सांगून टाका. मी म्हणायचो, जीव गेला तरी नाही.

आणि मग मामाजींचा फोन आला. गाडी दाखवाले आना. वंदनाला घेऊन दर्यापूर गाठलं.

मामाजींची गल्ली त्यांच्या घरापाशी संपते. पुढे भिंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला पाठ होतं. पण आठवलं कधी, तर गाडीचं नाक भिंतीला टेकल्यावर.

मामाजी बाहेर आले. गाडीभोवती फिरले. दार उघडून बंद केलं, बॉनेटवर थाप मारली. तोवर अर्धी गल्ली जमली होती. मग म्हणाले, "घ्या बरं थोडी मागं. इथं म्हशी बांधतेत."

आता बोललो तर जन्मभराचं 'बरं आहे' नशिबी. माझ्या तोंडून काय निघावं?

"मामाजी, मागं नाई घेता येत."

"काहून?"

"नवस हाय. देवीले बोललो, सव्वा वर्स गाडी मागं न्यायची नाई. पुढंच न्यायची."

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडलं. पण मामाजींनी फक्त एक शंका विचारली.

"अन् ढकलून नेली तं?"

"ढकलली तं चालते," मी म्हणालो. "इंजिनानं नाई."

मामाजींनी चप्पल काढली आणि गाडीला हात जोडले. गल्लीनंही जोडले. मग चौघापाचांनी देवीचं नाव घेऊन गाडी मागे ढकलत रस्त्यापर्यंत आणून ठेवली. एका आजीबाईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. मागच्या सीटवर बसलेली वंदना पदर तोंडात कोंबून हसत होती. गल्लीला वाटलं, पोरीला भरून आलं.

त्या दिवसापासून मामाजी बदलले. आमचा जवाई कडक नवसाचा माणूस आहे, गाडी मागे घेत नाही म्हणजे नाही, असं ते बसस्टँडपासून कृषी केंद्रापर्यंत सांगू लागले. मला जेवताना आग्रह होऊ लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. चोरून खाल्लेला पेढाही गोडच लागतो ना?

दुकानाची गर्दी ओसरली. म्हटलं, आता गुपचूप अकोल्याला जायचं, बबलूभाऊला झापायचं, रिव्हर्स दुरुस्त करायचा आणि विषय मिटवायचा. पण वंदना फोनवर बोलून गेली, की हे रविवारी अकोल्याला चाललेत. शनिवारी संध्याकाळी मामाजी पिशवी घेऊन दारात हजर. त्यांनाही गाडी घ्यायची होती. त्याच डीलरकडून. जवाईले लाभली तं आमाले बी लाभंन, म्हणाले.

अकोल्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात भांडणाची तालीम केली. बबलूभाऊंच्या आवारात गाडी मुद्दाम नाक भिंतीला लावून उभी केली. रिव्हर्स नाही म्हणजे नाही, पुरावा समोर. मामाजी चहाचा कप हातात घेऊन गाड्या बघायला लागले आणि मी बबलूभाऊंना कोपऱ्यात घेतलं.

तुम्ही कधी कुजबुजून भांडलाय? फार अवघड. मूठ आवळायची, डोळे वटारायचे आणि आवाज मात्र बाळ झोपल्यासारखा ठेवायचा. मी म्हणालो, तुम्ही मला फसवलं. बबलूभाऊ म्हणाले, जोरानं बोला ना भाऊ, ऐकू नाई येऊन राह्यलं. मी म्हणालो, रिव्हर्स लागत नाही. ते म्हणाले, लागते.

मी नाही म्हणतोय तोवर त्यांनी माझ्या हातातली चावी घेतली, तरातरा गेले आणि गाडीत बसले. मी मागोमाग खिडकीपाशी पोचलो. गिअरच्या मुठीखाली एक कडं होतं. बबलूभाऊंनी ते दोन बोटांनी वर उचललं, दांडा डावीकडे वर नेला, आणि माझी गाडी आवाज न करता सरळ मागे मागे जात थेट गेटपाशी जाऊन थांबली.

मी धावत तिथे गेलो, तर खिडकीतून डोकं काढून ते म्हणाले, "हे कडं उचलल्याबिगर लागत नाई भाऊ. त्या दिवशी सांगतच होतो. तुमी म्हनलं, मले सारं येते, तुमी फोटो काढा."

खरंच म्हणालो होतो. हार नीट करता करता म्हणालो होतो. पण लाजायलाही वेळ मिळाला नाही, कारण मागे कप फुटल्याचा आवाज आला.

मामाजी पांढरेफटक पडले होते.

"जवाईबापू, गाडी मागं गेली."

बबलूभाऊंना काही कळेना. मग मामाजींनी त्यांना सगळं सांगितलं. देवी, सव्वा वर्ष, इंजिनानं मागे न्यायची नाही. बबलूभाऊ ऐकता ऐकता एकदा त्या कड्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यावरच त्यांचं पोट. त्यांना सगळं कळलं. माझी अब्रू त्या क्षणी त्यांच्या जिभेवर होती. भल्या माणसानं हात जोडून म्हटलं, "चुकी माही झाली, मामाजी. मले ठाऊक नोतं."

मामाजी डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी निकाल दिला. नवस मोडला, पण जवाईचा दोष नाही. गाडी पुढे नेऊन होती त्या जागी लावायची आणि तिथून नव्यानं सुरुवात करायची.

"आजपासून पुन्हा सव्वा वर्स," मामाजी म्हणाले. "अन् या टायमाले मी सोता ध्यान ठेवतो."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण मामाजींनी माझ्या पाठीवर इतक्या मायेनं हात ठेवला होता, की ते परत मिटलं. गाडीत बसलो, ती पुढे नेली, नाक पुन्हा भिंतीला लावलं.

मग मामाजी, बबलूभाऊ आणि गाडी बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं असे चौघे दोन्ही बाजूंनी बॉनेटला भिडले. देवीचं नाव घेतलं. मी स्टिअरिंग धरून आत बसलो. गाडी इंचाइंचानं मागे सरकू लागली. बबलूभाऊंचं तोंड काचेपलीकडे अगदी माझ्या तोंडासमोर होतं, हसू दाबून लालबुंद झालेलं.

"भाऊ," त्यांनी ढकलता ढकलता विचारलं, "गाडीत आजून काई खराबी हाय काय?"

मी काही बोलणार, तोच शेजारी घामाघूम होऊन ढकलणारे मामाजी त्यांच्यावर खेकसले.

"खराबी कायची? आमच्या जवाईनं पारखून घेतली हाय."

आणि मी, बोटं त्या कड्यावर ठेवून, मान डोलावली.