साळवे काकांची चौदा मिनिटं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसलेय. कुणाला हायवेवर बाई दिसते, कुणाच्या लिफ्टमध्ये न दिसणारं कुणीतरी चढतं... आमच्या लाइनमध्ये आवाज म्हणजे हर्ट्झ आणि डेसिबल. जे मोजता येत नाही ते आम्ही रिपोर्टात लिहीत नाही. म्हणूनच हे लिहायला मला सात-आठ वर्षं लागली. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून.

मी दिल्लीतच वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर लक्ष्मीबाई नगरला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपीचं मास्टर्स मी तिथून बसने जाऊन-येऊन केलं, एका सरकारी हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजात. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, कॉलेजची नाही.

काय दिवस होते ते! सकाळी साडेआठला ओपीडी. अर्धा दिवस म्हाताऱ्यांचे कान तपासायचे, अर्धा दिवस बोलायला उशीर झालेल्या पिल्लांबरोबर सतरंजीवर बसून साबणाचे फुगे उडवायचे. माझी पार्टनर हरप्रीत नावाची पंजाबी मुलगी. गिळण्याची तपासणी शिकायची म्हणून आम्ही कँटीनमध्ये एकमेकींना चमच्याने पाणी पाजायचो आणि गळ्यावर चार बोटं ठेवून गंभीर चेहऱ्याने बसायचो. कँटीनवाला आम्हाला वेड्यांच्या वॉर्डातल्या समजायचा, बहुतेक. गेटबाहेरचे छोले-कुलचे, लॉगबुकात तास भरण्यासाठी पेशंटवरून होणारी भांडणं... आता गुरुग्रामच्या काचेच्या क्लिनिकमध्ये एसीत बसून मला त्या कळकट ओपीडीची फार आठवण येते.

मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला साळवे काका आले. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, सरकारी ऑफिसातून रिटायर होऊन फरीदाबादला फ्लॅटमध्ये राहणारे. महिन्यातून एकदा तिकडची मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी उपासनेला जमायची, आणि तिथं गाणं सुरू करायचं काम काकांचं. त्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, स्वरयंत्र पूर्ण काढणार. त्यानंतर श्वास गळ्याला केलेल्या भोकातून, आणि स्वतःचा आवाज कायमचा बंद.

अशा पेशंटचा आवाज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्या व्हॉइस लॅबमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचा, ही आमच्या मॅडमची पद्धत. आधी एका दमात लांब ‘आ’, मग एक ते वीस आकडे, मग एक उतारा वाचायचा, आणि शेवटी मनातलं काहीही बोलायचं. मॅडमचे नियम दोन. पहिला – माणसाकडे बघा, स्क्रीनकडे नको, तो शेवटचं बोलतोय. दुसरा – सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ते परत ऐका.

पहिला मी पाळला. दुसरा विसरले. दिवसभर हिंदीत बडबड केल्यावर समोर मराठी माणूस आला, लक्ष्मीबाई नगरच्याच जुन्या क्वार्टरमध्ये बारा वर्षं राहिलेला निघाला, आणि आम्ही दोघं गप्पांत रमलो. काकूंना आत बोलावलं तर त्या नको म्हणाल्या, बाहेर बाकावरच बसल्या. काकांचा आवाज आधीच घोगरा झालेला. पण हेडफोनमध्ये मला छान येत होता.

शेवटी मी म्हटलं, काका, आता काकूंना काहीतरी सांगा. ते लाजले.

“तिला काय सांगायचं? ती घरीच असते,” म्हणाले. आणि मग फरीदाबादच्या पाण्याच्या टँकरवर घसरले. टँकर कधी येतो, सोसायटीचा सेक्रेटरी कसा बिल्कुल बेकार आहे... एका माणसाचे आयुष्यातले शेवटचे शब्द पाण्याच्या टँकरवर. मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरप्रीत आणि मी फाइल उघडली. चौदा मिनिटांची फाइल, आणि स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. हेडफोनमध्ये आवाज थेट माइकच्या डब्यातून येतो. कॉम्प्युटर मात्र दुसऱ्याच, रिकाम्या सॉकेटवर लावलेला होता. आम्ही आवाज जास्तीत जास्त वाढवून चौदाच्या चौदा मिनिटं ऐकली. नुसती खरखर. हरप्रीत म्हणाली, “अब क्या करेगी?” काय करणार? त्या वेळी काका ऑपरेशन टेबलावर होते.

मी मॅडमना सांगितलं नाही. लॉगबुकात लिहिलं, ‘रेकॉर्डिंग पूर्ण’. त्यावर सही झाली. आजही त्या दोन शब्दांची मला लाज वाटते.

पुढचे चार महिने काका थेरपीला यायचे. बोलण्यासाठी गळ्याला टेकवायचं यंत्र त्यांना मुळीच आवडलं नाही. ते नातवाची जादूची स्लेट गळ्यात अडकवून यायचे, लिहायचं आणि पट्टी ओढून पुसायचं. त्यांची केस मी गोड बोलून दुसऱ्या मुलीला दिली होती. कॉरिडॉरमध्ये दिसले की मी जिन्याने निघून जायची.

एका सकाळी काकूंनीच मला गाठलं. हातात पेन ड्राइव्ह.

“ते रेकॉर्डिंग दे ना गं. घर फार शांत झालंय. मला रोज वाटतं, आता मी यांचा आवाज विसरणार.”

हे ऐकल्यावर पळता येईना. खोटं बोलायचीही हिंमत नव्हती आणि खरं बोलायचीही. मी ठरवलं, फाइल उघडून ती सरळ रेघच त्यांना दाखवायची, म्हणजे मला तोंडाने कमी बोलावं लागेल. हरप्रीतला सोबत घेतलं. काकाही थेरपीला आलेच होते; दोघांना लॅबमध्ये बसवलं, फाइल उघडली.

रेघ सरळ होती... पण सगळी नाही. नवव्या मिनिटाच्या आसपास डोंगर उठले होते. हरप्रीतने माझा दंड इतका जोरात धरला की दोन दिवस वळ होता. मी काही विचार न करता प्ले दाबलं.

काकांचाच आवाज. तोच घोगरा, वाक्याच्या शेवटी फाटणारा.

“सुनंदा, आपण लक्ष्मीबाई नगरला आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, इथं मी मराठी कुणाशी बोलू. मी म्हणालो, माझ्याशी बोल. आणि मग मी रोज ऑफिसातून येऊन पेपरात तोंड घालून बसायचो. तू बोलायचीस ती भिंतींशी. आता माझं बोलणं संपलं. तू बोलणं बंद करू नकोस. मी पेपर वाचणार नाही. ऐकेन.”

एवढंच. मिनिटभराचं. पुन्हा खरखर.

आता तुमच्या मनात येईल ते सगळं माझ्याही मनात येऊन गेलंय. आधी नीट ऐकलं नसेल? दोघींनी ऐकलं होतं, पूर्ण. दुसरी फाइल असेल? त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही. नंतर कुणी भरलं? फाइलवरची तारीख-वेळ ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचीच होती, आणि चार महिन्यांपूर्वी आवाज गेलेला माणूस ते भरणार कसं? बरं, टँकरचं एक अक्षर त्यात नाही. माझे प्रश्नही नाहीत, आणि मी तर माइकपासून हातभर अंतरावर बसले होते. हे शब्द त्या दिवशी त्या खोलीत कुणी बोललंच नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

काकूंनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं. मग काकांकडे वळल्या.

“हे तुम्ही कधी बोललात?”

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. पांढराफटक पडला होता. त्यांनी स्लेट घेतली आणि लिहिलं, ‘बोललो नाही.’ पट्टी ओढली. पुन्हा लिहिलं, ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात नुसतं मनात म्हणत होतो. तू बाकावर झोपली होतीस. उठवलं नाही.’

ते पट्टी ओढायला गेले, तर काकूंनी त्यांचा हात धरला. हरप्रीतला त्यातलं एक अक्षर मराठी कळलं नव्हतं, तरी तीच सगळ्यात जास्त रडत होती.

मला राहवेना. मी एका दमात सांगून टाकलं – काकू, माझी चूक झाली होती, आधी तपासायचं विसरले, त्या दिवशी माझ्याकडून रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. मी मॅडमनाही खोटं सांगितलं. आता रागावतील, तक्रार करतील, असं वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

“अगं, झालंय की,” म्हणाल्या.

त्याच दिवशी मी मॅडमकडे जाऊन लॉगबुकातली ती ओळ खोडली आणि जी बोलणी खायची ती खाल्ली. फाइल मात्र दाखवली नाही. ती माझी नव्हती.

नंतर ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या दोघांना मी नाव न सांगता विचारून पाहिलंय. एकाने जुन्या हार्ड डिस्कचं काहीतरी सांगितलं, दुसऱ्याने माझ्याकडेच निरखून पाहिलं. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी दोघं कॉरिडॉरमधून निघाले तेव्हा काकू बोलत होत्या. भाजीचं, सोसायटीचं, कुणाच्या तरी लग्नाचं, न थांबता. आणि काका चालता चालता त्यांच्याकडे मान वळवून ऐकत होते.