बागेत उभे राहिलेले लिफ्टमास्तर

लिफ्टमास्तरांना एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना मधेच उठून नळ नीट बंद झालाय का, ते बघून येत. लग्नाच्या फोटोत सगळे पाहुणे ठळक आले होते, नवरदेव तेवढा हलला होता. नोकरी होती तोवर हे खपून गेलं. शहरभरच्या इमारतींतल्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, दिवसभर वर आणि खाली. अंगातलं वारं तिथंच जिरायचं. मास्तर निवृत्त झाले आणि ते वारं घरात शिरलं.

आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं गेलं, मग मिक्सर, मग इस्त्री. बायको इस्पितळात नर्स, तिची नोकरी अजून चालू होती. एका संध्याकाळी दमून घरी आली, तर टेबलावर एक स्क्रू.

"हा कुठला?"

"इस्त्रीचा. जास्तीचा आहे."

"इस्त्रीला जास्तीचा स्क्रू असतो होय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं चाललंय तुमचं. उद्यापासून घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही. हात शिवशिवत असतील तर मागे बागेत जा. पाखरांनी टोमॅटोची चाळण केलीय, त्याचं बघा काहीतरी."

मास्तरांना तेवढंच हवं होतं. सकाळी ती कामावर गेल्याबरोबर त्यांनी माळ्यावरचं सगळं खाली उतरवलं. नवीन काही आणायचं नाही, घरातल्या अडगळीतूनच बुजगावणं उभं करायचं, अशी पैजच लावली त्यांनी स्वतःशी. पडद्याचा मोडका दांडा झाला पाठीचा कणा. फरशी पुसायच्या दांड्याचे झाले हात. फाटक्या उशीतला कापूस पोटात गेला, रंगाचा रिकामा डबा डोकं म्हणून बसला. भांडी घासायचे भोक पडलेले रबरी हातमोजे पंजे झाले. कपड्यांपाशी मात्र ते जरा अडले. हाताशी त्यांचं कामावरचं जुनं निळं जाकीट होतं, कोपरं विरलेलं. गारवा म्हणून सकाळपासून त्यांनी तेच अंगात घातलं होतं. क्षणभर विचार केला, मग काढलं आणि चढवलं त्याच्या अंगावर. डब्यावर कामावरची टोपीही ठेवली. दोन पावलं मागे सरून पाहिलं. पाठमोरा तो हुबेहूब लिफ्टमास्तर दिसत होता.

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले? आता त्यांना वाटलं, याच्या हातापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत दोरी ताणावी आणि तिला गाण्यांच्या जुन्या सीड्या लटकवाव्यात. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतील. भिंतीच्या कडेला पालापाचोळ्याचा हौद होता. त्याच्या काठावर बादली पालथी घालून मास्तर तिच्यावर चढले. खिळ्याला गाठ मारली. गाठ जरा तिरकी वाटली, म्हणून पुन्हा सोडायला गेले, आणि बादली सटकली.

हौद आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत ते आडवे पडले. उजवा पाय खाली दुमडला गेला आणि आत काहीतरी कडकन वाजलं. बरगडीवर हौदाचा काठ असा बसला की श्वास घ्यायचीही चोरी. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडेना. फोनसाठी हात खिशाकडे गेला आणि मग आठवलं. फोन जाकिटात होता, आणि जाकीट बागेच्या मधोमध उभं होतं.

थोड्या वेळाने तो वाजलाही. बुजगावण्याच्या खिशात खणखणाट झाला, टोमॅटोवर बसलेली पाखरं भुर्रकन उडाली. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मास्तर दात खाऊन पडून राहिले. घड्याळ दिसत नव्हतं, ऊन तेवढं सरकत होतं. बोटं सारखी काहीतरी शोधत होती. माती उकरत होती, पानं चुरत होती. हलायचं नाही म्हटल्यावर अंगावर जणू मुंग्या सोडल्यासारखं झालं होतं.

जन्मभर त्यांनी अडकलेल्या माणसांना बाहेरून सांगितलं होतं, "घाबरू नका, शांत बसा, मी आहे." सांगायचं आणि आपल्या कामाला लागायचं. एकदा एक म्हातारे गृहस्थ आतून म्हणाले होते, "तुम्ही बोलत राहा हो, थांबू नका." मास्तरांना तेव्हा वैताग आला होता. बोलत बसलो तर लिफ्ट काय तुमचा बाप सोडवणार, असं मनातल्या मनात म्हणून झालं होतं. आता त्या फटीत ते कान टवकारून पडले होते, कुणाचाही आवाज यावा म्हणून.

आवाज आला. शेजारच्या काकू भिंतीपाशी आल्या होत्या. त्यांना ऐकू बेताचंच येई, नजरही अधू झालेली. आणि मास्तर बरोबर भिंतीच्या बुडाशी, त्यांना दिसणार नाहीत अशा जागी.

"मास्तर! अहो, पाखरांना घालण्यापेक्षा दोन टोमॅटो मला द्या की!"

"काकू..." मास्तर पुटपुटले. ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही.

बुजगावणं पाठ फिरवून उभंच. काकूंनी आणखी दोनदा हाक मारली. मग म्हणाल्या, "बरं बाई, राहिलं. पण माणसाला एवढा ताठा बरा नव्हे." आणि चपला फटफटवत निघून गेल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईचं चऱ्हाट सुरू झालं की ते आजवर मागच्या दाराने पळ काढत. आज ती चाललेली पावलं ऐकवेनात.

ऊन हौदाच्या काठावरून उतरलं तेव्हा काकू पुन्हा आल्या. या वेळी फोन घेऊन, आणि काकूंचा फोन नेहमी स्पीकरवर असे. मास्तरांना बायकोचा आवाज आला.

"काकू, सकाळपासून फोन उचलत नाहीत हो. जरा डोकावून बघता?"

"अगं, बघायचंय काय? हे काय, समोर उभे आहेत बागेत. पाठमोरे."

"काय करतायत?"

"काही नाही. नुसते उभे आहेत."

"नुसते?"

"मी मघाशी आले होते तेव्हाही तिथंच होते. हाक मारली तर ओ देत नाहीत. रागावलेत का गं माझ्यावर?"

मास्तरांनी श्वास रोखला.

"काकू," बायकोचा आवाज बदलला होता, "ते आमचे हे नव्हेत. हे झोपेतसुद्धा एवढा वेळ एका कुशीवर राहत नाहीत. तुम्ही आत जा, मागचं दार उघडं असेल. मी निघालेच."

काकू वळसा घालून आल्या. रंगाच्या डब्याचं तोंड पाहून आधी एक किंकाळी फोडली, मग फटीतून बाहेर आलेली चप्पल त्यांना दिसली. "अगं बाई! मास्तर, तुम्ही इथं?" त्यांनी त्यांना हलवलं नाही, तेवढं भान होतं. हौदाच्या कडेला बसकण मारली आणि विचारलं, "पाणी आणू?"

मास्तरांनी त्यांच्या पदराचं टोक घट्ट धरलं. ओठ हलवून सांगितलं, "बोलत राहा."

ते ऐकू आलं की नुसतं ओठांवरून कळलं, कोण जाणे. पण काकूंना बोल म्हणून सांगायची गरज कधी पडली होती? जावयाच्या घोरण्यापासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. इस्पितळाची गाडी घेऊन बायको आली, तोवर मास्तरांनी त्यातला एक शब्दही सुटू दिला नव्हता.

बायको कामावरच्या कपड्यांतच होती. पाय तपासला, बरगडी चाचपली, स्ट्रेचरवर घेताना मान धरली. गाडीत बसल्यावर तिने मास्तरांचा हात हातात घेतला.

"तुम्ही उभे आहात म्हटल्यावर," ती म्हणाली, "मी हातातलं काम टाकून धावले."

पायाला प्लास्टर पडलं. डॉक्टरांनी हलायला बंदी केली आणि मास्तरांची खुर्ची मागच्या खिडकीत आली. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी एक चिमणी बुजगावण्याच्या टोपीवर येऊन बसली आणि सावकाश पिसं साफ करू लागली.

"अगं! त्याचा हात सुटा पाहिजे, वाऱ्यावर हलायला पाहिजे! खांद्याची तार सैल कर!"

"तुम्ही बसा."

"बसलोच आहे की! पक्कड खालच्या खणात आहे."

ती पुटपुटत बागेत गेली. मास्तर खिडकीतून ओरडत राहिले, उजवीकडे, अगं, तुझ्या उजवीकडे. प्लास्टरच्या तोंडाशी दिसणारा त्यांचा अंगठा एकसारखा नाचत होता. तार सुटली, वाऱ्याबरोबर निळ्या बाहीचा हात वर गेला. पाखरांचा थवा उठला आणि सरळ काकूंच्या वाफ्यावर जाऊन उतरला.

"मास्तर!" भिंतीपलीकडून आवाज आला. "हे काय?"

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. "काकूंना विचार," ते बायकोला म्हणाले, "त्यांच्याकडे रंगाचा जुना डबा आहे का."